पावसाने आखलेला नकाशा

जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणे नावाचं गाव आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांना हा परिसर ठाऊक असतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केलं. दगडी हत्यारांबरोबर तिथे शहामृगाच्या अंड्यांची कवचं निघाली. त्यांतल्या एका तुकड्यावर समांतर रेषा ओढून त्यांच्यामध्ये जाळीसारखी आडवीतिडवी नक्षी कोरलेली आहे. वय साधारण २५ हजार वर्षं. अशी कवचं राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून चाळीसहून अधिक ठिकाणी सापडली आहेत. ती खरोखर शहामृगाचीच का, ही शंका बरीच वर्षं रेंगाळत होती. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र) या संस्थेतल्या संशोधकांच्या गटाने कवचातला जुना डीएनए वाचला. तो आजच्या आफ्रिकी शहामृगाशी जुळला.

म्हणजे खानदेशात शहामृग धावत होते आणि माणसं त्यांची अंडी गोळा करत होती. शहामृगाला लागतो उघडा माळ. दाट झाडीत आणि चिखलात त्याचं काही चालत नाही. अरबस्तानात तर तो विसाव्या शतकापर्यंत टिकून होता, तेव्हा आफ्रिका ते दख्खन हा पट्टा एके काळी त्याच्यासाठी सलग असावा. आज तो इथे नाही, काळवीट आणि चिंकारा आहेत. प्राणी कुठे राहतात याचा नकाशा आपण भूगोल म्हणून वाचतो. तो खरं तर इतिहास असतो, आणि भारतापुरतं बोलायचं तर तो इतिहास थंडीपेक्षा पावसाने जास्त लिहिला आहे. हा मुद्दा मुद्दाम ठासून मांडावा लागतो, कारण हवामानबदल आणि प्राण्यांचा फैलाव यांची पाठ्यपुस्तकांतली गोष्ट मुळात युरोपात रचली गेली आणि तिचा नायक बर्फ आहे.

ती गोष्ट थोडक्यात अशी. आल्प्सच्या माथ्यावर आणि दूर उत्तर ध्रुवाजवळ त्याच वनस्पती का आढळतात, याचं उत्तर १८४६ मध्ये एडवर्ड फोर्ब्स यांनी दिलं आणि पुढे डार्विनने ते आपल्या १८५९ च्या ग्रंथात मांडलं. हिमयुगात थंडीचे जीव मैदानात उतरले, ऊब परतल्यावर काही उत्तरेकडे गेले, काही डोंगर चढून वरच अडकले. गॉडफ्रे हेविट यांनी २००० सालच्या आढाव्यात याला जनुकांची जोड दिली. युरोपातले साळिंदरासारखे काटे असलेले हेजहॉग, अस्वलं, टोळ हे सगळे बर्फाच्या काळात स्पेन, इटली आणि बाल्कन या तीन दक्षिणी कोपऱ्यांत तग धरून होते आणि तिथून पुन्हा उत्तरेला पसरले. त्यांच्या जनुकांत तो प्रवास अजून दिसतो. चित्र सुबक आहे, पण उष्ण कटिबंधात ते तसंच्या तसं बसत नाही. ॲमेझॉनमध्ये तो प्रयत्न झाला. १९६९ मध्ये युर्गन हाफर यांनी म्हटलं की कोरड्या काळात तिथलं जंगल आक्रसून बेटांसारखं झालं आणि त्या बेटांवर पक्ष्यांच्या नव्या प्रजाती घडल्या. पुढे पॉल कोलिनव्हॉ यांनी तळ्यांच्या गाळातले परागकण तपासून, जंगल असं तुकड्यांत फाटल्याचा पुरावा दिसत नाही, असा जोरदार आक्षेप घेतला. वाद अजून पुरता मिटलेला नाही.

डार्विनने १८५९ च्या त्याच ग्रंथात हिमालय, भारतीय द्वीपकल्पातले सुटे डोंगर, श्रीलंकेचे उंच भाग आणि जावा यांच्यातल्या सारख्या वनस्पतींचा उल्लेख केला होता. आपल्याकडच्या मोठ्या कोड्याची नोंद अशी दीडशेहून अधिक वर्षं जुनी आहे. कोडं हे : महाधनेश तिलारीच्या जंगलात आहे आणि अरुणाचलातही, मधल्या हजारो किलोमीटरमध्ये नाही. सिंहपुच्छ माकड फक्त सह्याद्रीत, त्याचे जवळचे नातलग थेट आग्नेय आशियात. निलगिरी मार्टेन दक्षिणेत, त्याचा भाऊबंद हिमालयात. ओल्या जंगलाचे हे प्राणी मधला कोरडा देश ओलांडून आले कसे?

उत्तराकडे जाण्याआधी हिमयुगात आपल्याकडे झालं काय ते पाहू. पृथ्वीची कक्षा, तिच्या आसाचा कल आणि आसाचं भोवऱ्यासारखं डुलणं यांची आवर्तनं साधारण १ लाख, ४१ हजार आणि २३ हजार वर्षांची आहेत. त्यांच्यामुळे कोणत्या ऋतूत कुठे किती ऊन पडतं ते बदलत राहतं. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी शेवटच्या हिमयुगाचा कळस होता. जगाचं सरासरी तापमान आजच्याहून ५–६ अंशांनी कमी आणि समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने खाली. उन्हाळ्यात आशियाची जमीन पुरेशी तापेना, समुद्रावरून बाष्पही कमी उठे, त्यामुळे नैर्ऋत्य मोसमी पाऊस मंदावला. राजस्थानातल्या डिडवाणाच्या सरोवराच्या गाळात त्या काळचे मिठाचे थर आहेत. मग बर्फ वितळलं आणि साधारण १० हजार वर्षांपूर्वीपासून काही हजार वर्षं पाऊस आजच्याहूनही जोरकस झाला. थोडक्यात, सह्याद्रीपुरतं हिमयुग म्हणजे लांबलेला दुष्काळ.

याचा सगळ्यात बोलका पुरावा निलगिरीच्या दलदलीत मिळाला. तिथे पाण्याखाली कुजलेल्या वनस्पतींचे काळे थर हजारो वर्षं साठत आले आहेत. उष्ण, कोरड्या जागी वाढणारं गवत आणि जंगलातली झाडं हवेतला कार्बन वेगवेगळ्या रीतीने पकडतात, आणि कार्बनच्या जड व हलक्या अणूंच्या प्रमाणात तो फरक कायमचा राहतो. रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी हे थर मोजून १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये २० हजार वर्षांचा आलेख प्रसिद्ध केला. हिमयुगाच्या कळसाला तिथे गवताचं राज्य, १० हजार वर्षांपूर्वीच्या आसपास झाडांची सरशी, पुढे पुन्हा कोरडा फेरा. शोला, म्हणजे घळींतलं सदाहरित जंगल, आणि माळगवत यांची निलगिरीवरची रस्सीखेच माणसाने सुरू केलेली नाही.

आता कोड्याकडे. भारतात त्याला पहिलं दमदार उत्तर दिलं सुंदरलाल होरा यांनी. होरा माशांचे अभ्यासक, पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक. त्यांचं लक्ष होतं डोंगरी ओढ्यातल्या माशांवर. धो धो वाहत्या पाण्यात खडकाला चिकटून राहणारे हे मासे. काहींच्या छातीखाली त्वचेच्या घड्यांची पकड असते, काहींचे पुढचे पर पसरट होऊन चोषकासारखे दगडाला बसतात. असा मासा गंगेच्या संथ, गढूळ पाण्यातून पोहत दक्षिणेला येणार नाही. त्याला डोंगरच हवा, आणि डोंगरावर वाहता ओढा. म्हणून होरांनी १९४९ मध्ये मांडलं की आसामकडून राजमहालच्या टेकड्या, तिथून विंध्य-सातपुडा आणि मग पश्चिम घाट अशी डोंगरवाट एके काळी अधिक उंच, अधिक ओली आणि सलग होती. त्याच वर्षीच्या चर्चेत सालिम अलींनी पक्ष्यांच्या बाजूने सातपुड्याच्या या राजमार्गाला दुजोरा दिला. ‘सातपुडा सिद्धान्त’ म्हणून तो अभ्यासक्रमांत बसला आणि बसूनच राहिला.

अडचणी लगेच दिसत होत्या. मेघालयातल्या गारो टेकड्या आणि राजमहाल यांच्यामध्ये गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाची रुंद फट आहे. सातपुडा इतक्या अलीकडे इतका उंच होता असं भूशास्त्र म्हणत नाही. कुणी पूर्व घाटाची वाट सुचवली, कुणी म्हटलं की डोंगराची गरजच काय, हवा थंड आणि ओली असली की जंगल मैदानातूनही जाईल. पण या सगळ्या मांडण्यांनी एक गोष्ट तपासल्याशिवाय गृहीत धरली होती : उत्तरेतला आणि दक्षिणेतला प्राणी खरोखर सख्खे आहेत. दिसायला सारखे म्हणजे नात्याने जवळचे.

इथेच डीएनएने गंमत केली. निलगिरी ताहर हा हिमालयी ताहरचा अडकून पडलेला भाऊ, हे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. २००५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी तपासलं तेव्हा तो मेंढ्यांच्या जवळचा निघाला आणि हिमालयी ताहर वेगळ्याच फांदीवर. निलगिरी ताहरला स्वतंत्र वंश द्यावा लागला. निलगिरी वानर आग्नेय आशियातल्या पानखाऊ वानरांत गणलं जायचं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रवीण करंथ यांच्या कामातून ते आपल्या देवळादेवळांत बसणाऱ्या हनुमान वानराचंच जवळचं आप्त ठरलं. शोलात राहणाऱ्या लाफिंगथ्रश आणि शॉर्टविंग या पक्ष्यांचीही तीच कथा. व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की ते हिमालयातून आलेले हल्लीचे पाहुणे नसून इथेच रुजून फुटलेल्या दोन जुन्या शाखा आहेत. त्यांनाही नवे वंश मिळाले. करंथ यांनी २००३ मध्येच सांगितलं होतं की आधी वंशवृक्ष काढा, मग वाटा शोधा. साधीच गोष्ट, पण तोवर अर्धं शतक वाटांवर भांडण्यात गेलं होतं.

होरा चुकले म्हणून त्यांना निकालात काढणं मात्र मला पटत नाही. सिंहपुच्छ माकडाचं, मार्टेनचं, महाधनेशाचं कोडं शिल्लक आहे, आणि मध्य भारतातल्या डोंगरांवर ओल्या जंगलाचे तुकडे आजही सापडतात. शेकरूचंच पाहा. झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर उड्या मारणारा हा प्राणी जमिनीवर सहसा उतरत नाही, त्याला फांदीला फांदी लागलेलं छत लागतं. तो भीमाशंकरला आहे, मेळघाटात आहे, पचमढीच्या बाजूला आहे, पूर्व घाटातही आहे. मधल्या ज्वारी-कापसाच्या मुलखातून तो चालत गेला असेल हे संभवत नाही. ओल्या काळात छत सलग होतं आणि कोरड्या काळात तुटलं, ही संगती सगळ्यात कमी ओढाताणीची आहे. चूक झाली ती एकच वाट आणि एकच काळ शोधण्यात. जंगल बहुधा अनेकदा जुळलं आणि अनेकदा तुटलं, आणि प्रत्येक प्राण्याने आपापल्या खेपेला ती संधी घेतली.

जुळण्यातुटण्याचा हा खेळ सगळ्यात बारकाईने वाचला गेला आहे तो दक्षिण सह्याद्रीच्या शिखरांवर. निलगिरी, अन्नामलै, पळनी, अगस्त्यमलै या उंचीवरच्या थंड जागा म्हणजे हवेतली बेटं. त्यांच्यामध्ये दोन मोठ्या खिंडी आहेत. पालघाट ३०–४० किलोमीटर रुंद आणि मैदानासारखी सखल, शेंकोट्टा त्यामानाने अरुंद. हिमयुगात तापमान ५ अंशांनी उतरलं तर डोंगरावरचा थंड पट्टा साधारण ८०० मीटर खाली सरकतो. शेंकोट्ट्यासारख्या ठिकाणी एवढ्याने दोन बेटं जवळ येऊ शकतात, पालघाटात नाही. त्यातून त्याच काळात पाऊसही कमी, म्हणजे थंडी जंगलाला खाली ढकलते आणि दुष्काळ त्याला घळीत कोंडतो. शोलातल्या शॉर्टविंगच्या जनुकांत हाच फरक दिसतो : पालघाटाची फाळणी खूप जुनी, शेंकोट्ट्याची अलीकडची. हत्तीसारख्या धिप्पाड, भटक्या प्राण्याच्या कळपांतही पालघाटाच्या अलीकडे-पलीकडे जनुकीय फरक आढळला आहे. मग झुडपांवरच्या इवल्या बेडकांची काय कथा. रावऑर्केस्टिस वंशाचे हे बेडूक डबक्यात अंडी घालत नाहीत. बेडूकमाशाची अवस्था अंड्यातच उरकते आणि पिल्लू बेडूक होऊनच बाहेर येतं. पाणी साठलेलं नसलं तरी चालतं, हवा मात्र ओली हवी. एस. पी. विजयकुमार, कार्तिक शंकर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्यांचा वंशवृक्ष मांडला, त्यात डोंगरांची रचना, दक्षिणोत्तर बदलत जाणारं हवामान आणि हिमयुगांचे फेरे या तिन्हींच्या खुणा निघाल्या. एका कारणावर सगळं टांगण्याचा मोह त्यांनी टाळला, हे त्या कामाचं मोल.

पाऊस हाच खरा दरवाजा, याचा सगळ्यात चोख पुरावा समुद्रापलीकडे आहे. रामसेतूजवळ समुद्र जेमतेम काही मीटर खोल. हिमयुगांत समुद्र खाली गेला की श्रीलंका भारताला जोडली जायची, आणि शेवटचा दुवा ७ ते १० हजार वर्षांपूर्वीच तुटला. मग दोन्हीकडच्या ओल्या जंगलांत तेच प्राणी हवेत. फ्रँकी बोस्सुइत आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये बेडूक, देवगांडूळ, मासे, गोड्या पाण्यातले खेकडे आणि कोळंबी, मातीत राहणारे साप अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या गटांचे वंशवृक्ष काढले. श्रीलंकेतल्या जाती बहुतांशी श्रीलंकेतच फुटलेल्या निघाल्या, देवाणघेवाण अगदी तुरळक. पूल होता, पण तो कोरडा होता. तमिळनाडूचा आणि उत्तर श्रीलंकेचा रुक्ष पट्टा ओल्या त्वचेच्या बेडकाला समुद्राइतकाच दुस्तर. बिबट्या आणि हत्ती मात्र त्या वाटेने आरामात गेले.

या सगळ्याच्या कितीतरी मागचं प्रकरण म्हणजे जांभळा बेडूक. वर्षभर जमिनीखाली वाळवी खाऊन राहणारा आणि पावसाच्या तोंडावर जेमतेम काही दिवस वर येणारा हा फुगीर, टोकदार नाकाचा प्राणी एस. डी. बिजू आणि बोस्सुइत यांनी २००३ मध्ये शास्त्राला कळवला. त्याचे जवळचे नातलग सेशेल्स बेटांवर आहेत, म्हणजे ताटातूट भारत आफ्रिकेच्या बाजूने सुटून उत्तरेला सरकत होता त्या काळातली. दख्खनचे लाव्हाचे थर साचले तेही त्याच्या वंशाने पाहिले. एवढा प्रवास, तोही निरनिराळ्या हवामानांतून, झेपलेल्या वंशाची दुसरी प्रजाती २०१७ मध्ये घाटाच्या पूर्व उतारावर सापडली. पश्चिमेकडचा बेडूक नैर्ऋत्य मोसमी पावसात जोडी जमवतो, पूर्वेकडचा ईशान्य मोसमी पावसात. दोन पावसांच्या दोन प्रजाती!

आतापर्यंतची गोष्ट ओल्या जंगलाची झाली, आणि आपल्या अभ्यासाचा, आपल्या कौतुकाचा कलही तिकडेच आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग मात्र माळरान आहे. ‘हे मूळचं जंगल, माणसाने आणि गुरांनी ओरबाडून माळ केलं’ ही समजूत खेड्यापासून मंत्रालयापर्यंत पक्की आहे. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण प्राण्यांचे वंशवृक्ष वेगळं सांगतात. शिवालिकच्या मातीतल्या कार्बनवरून कळतं की ८ ते ७ दशलक्ष वर्षांपूर्वी उत्तर भारतात कोरड्या हवेचं गवत झपाट्याने पसरलं. तिथल्या खडकांत जिराफांचे आणि पाणघोड्यांचे जीवाश्म आहेत ते उगीच नाहीत. ऑफिसॉप्स नावाच्या, पापणी न मिटणाऱ्या चपळ सरड्यांवर ईशान अगरवाल आणि उमा रामकृष्णन यांनी २०१७ मध्ये काम केलं. उघड्या माळाशिवाय न जगणाऱ्या या सरड्यांच्या शाखा भारतात इतक्या जुन्या काळापासून फुटत आल्या आहेत की गवताळ प्रदेशही तितकेच जुने मानावे लागतात. माणसाची कुऱ्हाड तेव्हा लाखो वर्षं दूर होती.

उन्हाळ्यात साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर याचा सगळ्यात देखणा पुरावा बघायला मिळतो. वीण जवळ आली की सराडा सुपर्बा या सरड्याचा नर दगडावर चढतो आणि गळ्याखालची घडी फटकन उलगडतो. निळा, काळा आणि केशरी, असा तो पंखा दुरून मादीला आणि दुसऱ्या नराला दिसावा म्हणून असतो. झाडीत हा खेळ चालणार नाही. दृष्टी दूरवर पोचली पाहिजे, ऊन लख्ख पाहिजे. दीपक वीरप्पन, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी या वंशाचं वर्णन २०१६ मध्ये केलं. पुढे दीपक आणि करंथ यांनी दाखवलं की गळ्याला पंखा असलेल्या सरड्यांच्या प्रजाती उपखंड कोरडा होत गेला तसतशा वाढल्या. ओल्या जंगलातल्या बेडकाला दुष्काळ म्हणजे कोंडी. या सरड्यांना तोच दुष्काळ म्हणजे मोकळं रान. एकाच हवामानबदलाने एकीकडे बेटं केली आणि दुसरीकडे बेटं जोडली.

हरलेलेही आहेत, पण मोजके. गोदावरी, प्रवरा, मांजरा यांच्या काठच्या गाळात जुने हत्ती, पाणघोडे, रानगुरं यांची हाडं मिळतात आणि डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यांवर दीर्घकाळ काम केलं आहे. अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हिशेब केला, तेव्हा गेल्या ५० हजार वर्षांत भारतातून नाहीसे झालेले मोठे सस्तन प्राणी चारच निघाले : दोन हत्तीवर्गीय, पाणघोडा आणि रानबैल. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या मानाने हे नुकसान फारच थोडं आहे. पाणघोड्याच्या जाण्यात मंदावलेल्या पावसाचा वाटा असावा, असा जुकर यांचा कयास आहे. बाकीच्यांबाबत माणसाचाही हात मानावा लागेल, पण इथल्या प्राण्यांना माणसाची सवय लाखो वर्षांपासून होती हेही खरं. रानबैल तर पुरता गेलाच नाही. आपली खिलार आणि डांगी गुरं त्याचीच वंशज.

महाराष्ट्राच्या वाट्याचा सह्याद्री दक्षिणेच्या मानाने गरीब का, हा प्रश्न इथे येतोच. महाबळेश्वरचा पाऊस केरळच्या कुठल्याही डोंगराला लाजवेल, पण तो चार महिन्यांत कोसळून संपतो आणि पुढे सात-आठ महिने कोरडे जातात. अगस्त्यमलैला दोन्ही मोसमी पाऊस मिळतात, तिथे कोरडे महिने दोन-तीनच. एकूण पावसापेक्षा कोरड्या महिन्यांची संख्या निर्णायक. आजच एवढा फरक असेल तर हिमयुगात उत्तरेकडच्या ओल्या जिवांचं काय झालं असेल ते उघड आहे. सीसीएमबीच्या जाह्नवी जोशी यांच्या गटाने झाडांच्या वंशवृक्षावरून २०२३ मध्ये दाखवलं की दक्षिण सह्याद्री जुन्या वंशांचं आश्रयस्थान आहे आणि नव्यांची जन्मभूमीही. मात्र उत्तर सह्याद्री गरीब, हा निकाल बेडूक आणि झाडं मोजून दिलेला आहे. पाली, सरडे आणि कातळसड्यांवरचे जीव मोजायला लागल्यावर चित्र बदलतंय. गेल्या वीस वर्षांत वरद गिरी, अक्षय खांडेकर, तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथून नव्या पालींची जी रांग लावली आहे ती पाहता कोरड्या बाजूचा अर्धा नकाशा अजून काढायचाच आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आजच्या तापमानवाढीबद्दल या इतिहासातून काय काढायचं, यावर बरंच घाईने बोललं जातं. प्राणी आधीही हलले, आताही हलतील, हा युक्तिवाद ऐकायला बरा. पण आधी त्यांना हजारो वर्षं मिळाली होती आणि वाटेत चहाचे मळे, महामार्ग, शहरं नव्हती. शिवाय दिशा उलटी आहे. हिमयुगात थंड पट्टा खाली सरकून बेटं जवळ येत. आता तो वर सरकतो, आणि सह्याद्रीतलं सर्वांत उंच शिखर अनैमुडी २,६९५ मीटरला संपतं. माळावरच्या सरड्यांना उन्हाची फिकीर नाही. त्यांची अडचण वेगळी आहे. सरकारी नकाशांत बरंचसं माळरान ‘पडीक’ म्हणून रंगवलेलं असतं, आणि दर जूनमध्ये वृक्षारोपणाचे खड्डे तिथेच खणले जातात.